फोडायचं ठरलं, पण कुठून?

पंधरा-वीस वर्षं चालत आलेलं एखादं मोठं सॉफ्टवेअर 'आता मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या लहान सर्व्हिसेसमध्ये, न्यायचं' असं कंपनीत ठरतं, तेव्हा पहिल्या बैठकीत बोलणं होतं ते कुबरनेटीसचं, क्लाउडच्या बिलाचं आणि नवा कोड जावात लिहायचा की गोमध्ये याचं. खरा अडवणारा प्रश्न दोन-चार महिन्यांनी समोर येतो. हे फोडायचं कुठून? कोडबेस एक, डेटाबेस एक, टेबलं शेकड्यांनी आणि प्रत्येक टेबलावर चार विभागांचे हात. या प्रश्नाला गेली दहा वर्षं एकच उत्तर पुढे केलं जातं: डोमेन-ड्रिव्हन डिझाइन, बोलण्यात नुसतं डीडीडी. ते कुठे खरोखर उपयोगी पडतं आणि कुठे फक्त त्याचं नाव घेतलं जातं, हे आता तपासता येईल इतके अनुभव जमा झाले आहेत.

प्रश्न मात्र मायक्रोसर्व्हिसेसपेक्षा खूप जुना. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये एक आटोपशीर लेख लिहिला. ओळींमधले शब्द फिरवून त्यांची अनुक्रमणिका लावणारा एक साधा प्रोग्राम त्यांनी दोन तऱ्हांनी विभागून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांनुसार: वाचा, फिरवा, क्रम लावा, छापा. दुसऱ्यांदा, पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवून. चालतात दोन्ही. पण ओळी साठवायची पद्धत बदलली, की पहिल्या रचनेतले जवळजवळ सगळे तुकडे उघडावे लागतात आणि दुसऱ्या रचनेत एखादाच. मायक्रोसर्व्हिसेसवरचं आजचं निम्मं लेखन म्हणजे या लेखाची लांबलेली तळटीप आहे, असं माझं मत आहे.

एरिक एव्हान्स यांचं 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' हे पुस्तक २००३ मध्ये आलं, तेव्हा मायक्रोसर्व्हिसेसची चर्चाही सुरू झालेली नव्हती. त्यातलं मुख्य उदाहरण जहाजांवरून माल पाठवण्याच्या धंद्याचं आहे. पुस्तकात ढोबळमानाने दोन गोष्टी आहेत. पहिली, कोड कसा रचावा: एंटिटी, व्हॅल्यू ऑब्जेक्ट, अ‍ॅग्रिगेट, रिपॉझिटरी. दुसरी, मोठ्या व्यवस्थेच्या सीमा कशा ओळखाव्यात: बाउंडेड कॉन्टेक्स्ट, कॉन्टेक्स्ट मॅप, अँटिकरप्शन लेअर. घात असा झाला की बाउंडेड कॉन्टेक्स्ट येतो थेट चौदाव्या प्रकरणात, आणि तिथवर पोचण्याआधीच पुष्कळांनी पुस्तक मिटलं. त्यामुळे कित्येक ठिकाणी डीडीडी म्हणजे फोल्डरांना रिपॉझिटरी आणि एंटिटी अशी नावं देणं, एवढंच उरलं. जुनं सॉफ्टवेअर फोडताना कामाला येतो तो मागचा अर्धा भाग. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनी मार्च २०१४ मध्ये मायक्रोसर्व्हिसेसची मांडणी केली, तेव्हा त्यांनीही बोट ठेवलं ते बाउंडेड कॉन्टेक्स्टवरच.

ही सीमा म्हणजे काय, ते अमूर्त व्याख्येने कळत नाही. समजा, एका जिल्हा दूध संघाचं सॉफ्टवेअर आपल्यापुढे आहे. त्यात 'सभासद' नावाचं एक भलंमोठं टेबल आहे, ऐंशी रकान्यांचं. गावातल्या संस्थेच्या सचिवाला विचारलं तर सभासद म्हणजे सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येणारा शेतकरी. संघाच्या मुख्य कार्यालयात सभासद म्हणजे मुख्यतः ती गावची संस्थाच. संघाचं भागभांडवल तिच्या नावावर आणि मतही तिचं. संकलन केंद्रावरच्या मुलाला यातलं काहीच नको. त्याला कोड नंबर, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातले घन पदार्थ) पुरे. बिलं काढणाऱ्या लेखनिकाला हवं बँक खातं, दहा दिवसांची बेरीज, पशुखाद्याची कपात आणि उचल. पशुवैद्यकीय सेवेच्या नोंदीत हाच माणूस गोठ्याचा मालक असतो, आणि महत्त्वाचा असतो तो गाईच्या कानातला बिल्ला.

मोनोलिथ, म्हणजे असं एकसंध सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्याने ही सगळी माणसं एका टेबलात कोंबली, कारण त्या वेळी तेच सोपं होतं. आता कुणी पशुवैद्यकीय विभागासाठी एक रकाना वाढवला की बिलाचा रिपोर्ट बिघडतो. डीडीडीचं म्हणणं असं, की सगळ्यांना चालेल अशी एक व्याख्या शोधत बसू नका. पाच अर्थ आहेत तर पाच मॉडेलं असू द्या. प्रत्येक अर्थ कुठवर चालतो ती हद्द आखा, आणि हद्दीवर एकाचं दुसऱ्यात रूपांतर कोण करणार ते ठरवा. ही हद्द म्हणजे बाउंडेड कॉन्टेक्स्ट. संकलन, देयकं, संस्था-व्यवहार, पशुसेवा आणि दूध वाहतूक ही संभाव्य सर्व्हिसेसची पहिली यादी झाली. ती कोड वाचून मिळालेली नाही, माणसांना विचारून मिळाली आहे.

विचारण्याची एक चांगली रीत इटलीचे अल्बर्टो ब्रँडोलिनी यांनी २०१३ च्या सुमाराला रूढ केली. तिचं नाव इव्हेंटस्टॉर्मिंग. लांबलचक भिंतीवर कागद लावायचा, प्रोग्रामर आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसं एका खोलीत आणायची, आणि धंद्यात घडणाऱ्या घटना केशरी चिकट-चिठ्ठ्यांवर भूतकाळात लिहायच्या: दूध मोजलं गेलं, दर लागू झाला, टँकर निघाला, बिल निघालं, कपात झाली. मग चिठ्ठ्या काळाच्या क्रमाने लावायच्या. भांडण जिथे सुरू होतं ती जागा सोन्याची. टँकर उशिरा आला आणि दूध आंबलं. नुकसान संस्थेचं की संघाचं? सचिव एक सांगतो, वाहतूक विभाग दुसरंच सांगतो, आणि कोडमध्ये दडलेलं असतं तिसरंच. दोन कॉन्टेक्स्टमधली हद्द बहुधा अशाच ठिकाणी सापडते. दोन दिवसांत हे जितकं कळतं तितकं सहा महिने स्क्रीनशॉट काढून कळत नाही.

इथवर डीडीडी आपलं काम चोख करतं. पुढचं पाऊल जास्त कठीण असतं, आणि तिथे पुस्तकांपेक्षा प्रकल्पच जास्त शिकवतात.

हद्द कागदावर आखली तरी डेटाबेस एकच राहिला, तर काहीच फुटलेलं नसतं. कोडचे दहा तुकडे झाले, दहा ठिकाणी चढवले, आणि दहाही त्या ऐंशी रकान्यांच्या टेबलावर लिहितात. याला 'डिस्ट्रिब्युटेड मोनोलिथ' म्हणतात: जुने सगळे त्रास कायम, वर नेटवर्कचे नवे. टेबल वेगळं केलं, की मोनोलिथने फुकट दिलेल्या दोन गोष्टी जातात. एक म्हणजे जॉइन, दुसरी म्हणजे ट्रान्झॅक्शन. जॉइन जाण्याचं दुःख लवकर कळतं. दिवाळीला वर्षभराच्या दुधावर फरक काढायचा असतो आणि संकलनाच्या नोंदी एकीकडे, देयकांच्या दुसरीकडे. त्यासाठी वेगळा वाचनापुरता डेटा जमवून ठेवावा लागतो. ते वेळखाऊ आहे, पण अवघड नाही.

ट्रान्झॅक्शन जाणं अधिक गंभीर. शेतकऱ्याने सकाळी उधारीवर पशुखाद्याचं पोतं नेलं आणि त्याच रात्री बिलं निघाली. खाद्यविक्रीची सर्व्हिस वेगळी, देयकांची वेगळी. कपातीचा संदेश रांगेत अडकला आणि बिल पूर्ण रकमेचं निघालं. हे चालेल का? प्रोग्रामर लगेच टू-फेज कमिटकडे किंवा सागाकडे धावतो. सागाची कल्पना हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये मांडली: एका लांब व्यवहाराऐवजी लहान व्यवहारांची माळ, आणि मध्ये काही बिघडलं तर आधीच्या प्रत्येकाला उलटा व्यवहार. पण त्याआधी लेखनिकाला विचारायला हवं. तो बहुधा सांगेल, 'मग पुढच्या दहा दिवसांच्या बिलात कापू, आजही तसंच करतो.' धंद्याला जी विसंगती चालते ती मिटवण्यासाठी यंत्रणा उभारणं हा शुद्ध पैशाचा नाश. उलट, एकाच बिलातली बेरीज आणि कपात यांचा मेळ क्षणभरही तुटून चालणार नाही, म्हणून त्या एकाच सर्व्हिसमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये राहायला हव्यात. अ‍ॅग्रिगेट या शब्दाचा अर्थ एवढाच: ज्या गोष्टींचा मेळ एका क्षणात बसलाच पाहिजे, तेवढ्यांची गाठोडी. ही गाठोडी सर्व्हिसच्या सीमेने कापली जात असतील, तर सीमा चुकली आहे असं समजावं.

आता चालत्या गाड्याचं चाक बदलायचं कसं, हा प्रश्न. सगळं बंद करून नवं चालू करण्याचं धाडस किती महाग पडतं, ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दाखवलं. एका शनिवार-रविवारात ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला. ते मायक्रोसर्व्हिसेसचं प्रकरण नव्हतं, पण एका रात्रीत उडी मारू नये हे त्यातून कळतंच.

त्याउलट रीत फाउलर यांनी २००४ मध्ये सांगितली आणि तिला नाव दिलं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात पाहिलेल्या अंजीरवर्गीय झाडांवरून. बी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं, मुळं खाली उतरतात, आणि कालांतराने मूळ झाड आत वाळून जातं. आपल्याकडचे वड-पिंपळ हेच करतात, तेव्हा मराठी वाचकाला चित्र परकं नाही. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या यंत्रणेच्या तोंडाशी एक दारवान बसवायचा. येणारी बहुतेक कामं जुन्याकडेच जातात. नव्या सर्व्हिसला जेवढं येतं तेवढंच तिच्याकडे वळवायचं. एकेक काम वळवत जायचं आणि बिघडलं तर परत जुन्याकडे.

डीडीडी इथे एक महत्त्वाची भर घालतं. नवी सर्व्हिस सुरुवातीला जुन्या डेटावरच जगते, आणि जुन्या टेबलांचे विचित्र संकेत तिच्यात झिरपू लागतात. कुठल्या तरी रकान्यात ९९ म्हणजे 'बंद संस्था' असतं, आणि वर्षभराने नव्या कोडमध्येही ९९ दिसू लागतो. तो शिरकाव अडवणारा दुभाषी थर म्हणजे अँटिकरप्शन लेअर. एव्हान्स यांनी २०१३ मध्ये एका टिपणात जुन्या यंत्रणांच्या गराड्यात डीडीडी सुरू करण्याचे चार मार्ग दिले. त्यातला पहिला मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो: जुन्या पसाऱ्यात एक लहानसा बुडबुडा करा, त्यात स्वच्छ मॉडेल ठेवा, आणि भोवती हा दुभाषी थर. बुडबुडा फुटला तरी नुकसान थोडं. टिकला तर पुढे त्याला स्वतःचा डेटा द्या. नव्या-जुन्या डेटाबेसांचा मेळ ठेवायला लॉग वाचून बदल टिपणारी डेबेझियमसारखी साधनं आता आहेत. दोन्हीकडे एकदम लिहिणारा कोड मात्र लिहू नये. एक लिहिलं जातं, दुसरं राहतं, आणि तफावत कुणाला तरी मार्चअखेर सापडते.

प्रत्यक्षात हे कुणी केलं आणि काय निष्पन्न झालं? सगळ्यात जास्त उद्धृत होतं ते नेटफ्लिक्स. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तिथून सुरू झालेलं क्लाउडकडचं स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये संपलं, म्हणजे सात वर्षांहून जास्त. ही मुदत ऐकून आपल्याकडचे प्रकल्प-आराखडे पुन्हा पाहावेत. शिवाय नेटफ्लिक्सची अडचण बंद पडण्याची आणि वाढत्या प्रेक्षकांची होती. धंद्याचे अर्थ एकमेकांत गुंतल्याची नव्हती. त्यांचं औषध आपल्या दुखण्यावर चालेलच असं नाही.

जास्त बोलकी आहेत ती माघारीची उदाहरणं. ग्राहकांचा डेटा वेगवेगळ्या साधनांकडे पाठवणारी सेगमेंट ही कंपनी. प्रत्येक गंतव्यासाठी एक स्वतंत्र सर्व्हिस करत त्यांच्या १४० हून जास्त झाल्या. सगळ्यांत समान कोड, तो सामायिक लायब्ररींमध्ये. हळूहळू प्रत्येक सर्व्हिसवर लायब्ररीची वेगळी आवृत्ती. २०१८ मध्ये त्यांनी सगळं पुन्हा एका सर्व्हिसमध्ये आणल्याचं जाहीरपणे लिहिलं. लोकांनी त्याचा अर्थ 'मायक्रोसर्व्हिसेस वाईट' असा लावला. मला तो सीमेचा दोष दिसतो: १४० गंतव्यं म्हणजे १४० कॉन्टेक्स्ट नव्हेत, एकाच कामाची १४० रूपं. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतल्या एका गटाने चित्र-ध्वनीचा दर्जा तपासणारं साधन एका प्रोसेसमध्ये परत आणलं आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. तिथे एकच सलग गणित मध्ये कापलं गेलं होतं, आणि व्हिडिओच्या फ्रेमा एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जाताना साठवणुकीत ये-जा करत होत्या. पार्नस यांनी वर्जलेली, पायऱ्यांनुसार केलेली विभागणीच ही.

उबरची गोष्ट तिसऱ्याच दिशेची. २०२० मध्ये त्यांनी लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे सुमारे २२०० महत्त्वाच्या मायक्रोसर्व्हिसेस होत्या. एक लहानसा बदल करायला अनेक गटांच्या सर्व्हिसेस पालथ्या घालाव्या लागत. त्यांनी त्या सगळ्या ७० डोमेनांमध्ये बांधल्या आणि प्रत्येक डोमेनला एकच प्रवेशद्वार ठेवलं. म्हणजे आधी तुकडे झाले, सीमा नंतर आली. उलटा क्रम परवडायला उबरइतका पैसा लागतो.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण शॉपिफायचं आहे, आणि त्यात मायक्रोसर्व्हिसेस जवळजवळ नाहीतच. रुबी ऑन रेल्सवरचा त्यांचा मोनोलिथ २८ लाखांहून जास्त ओळींचा झाला होता. त्यांनी तो फोडला नाही. ऑर्डर, शिपिंग, साठा, बिलिंग अशा धंद्याच्या अर्थांनुसार कोडची आतल्या आत मांडणी बदलली. त्यासाठी सहा हजारांच्या घरातल्या वर्गांची एक अवाढव्य स्प्रेडशीट केली, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या घटकाचा ते माणसांनी हाताने लिहिलं. मग एका घटकाने दुसऱ्याच्या पोटात हात घालू नये यासाठी पॅकवर्क नावाचं तपासणीचं साधन बनवून २०२० मध्ये खुलं केलं. डीडीडीचा मागचा अर्धा भाग पूर्ण वापरला, आणि नेटवर्कचा खर्च टाळला. याला मॉड्यूलर मोनोलिथ म्हणतात. कागदावर हे आकर्षक वाटत नाही. पण आखलेली सीमा चुकली तर ती सरकवायला इथे एखादा आठवडा जातो. दोन सर्व्हिसेस, दोन डेटाबेस आणि दोन गट झाल्यावर तीच सीमा सरकवायला वर्षही लागू शकतं.

सुरुवातच मोनोलिथने करावी का, यावर २०१५ मध्ये फाउलर यांच्याच संकेतस्थळावर दोन बाजू मांडल्या गेल्या. फाउलर म्हणाले, आधी मोनोलिथ. धंदा कळल्याशिवाय सीमा कळत नाहीत. श्टेफान टिल्कोव्ह म्हणाले, मोनोलिथमध्ये सगळं इतकं चिकटतं की नंतर सुटत नाही. जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांना हा वाद उपयोगाचा नाही, त्यांच्याकडे मोनोलिथ आहेच. पण दोन्ही म्हणणी एकत्र वाचली की शॉपिफायचा रस्ता त्यांच्या मधोमध जातो.

सीमा यंत्राने शोधून देणारी साधनंही आली. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ च्या सुमाराला तयार झालेलं सर्व्हिस कटर जोडणीचे १६ निकष लावून तुकडे सुचवतं. आयबीएमचं मोनो-टू-मायक्रो चालू प्रोग्राममधल्या कॉल्सचा माग काढून गट पाडतं. पहिला अंदाज म्हणून ठीक. पण ही साधनं आजचा गुंता मोजतात, आणि आजचा गुंता तर आपल्याला सोडवायचा आहे. ऐंशी रकान्यांच्या टेबलाकडे पाहून ती बहुधा म्हणतील, की हे सगळं एकत्रच ठेवा.

राहिला माणसांचा भाग. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं की संस्था ज्या व्यवस्था घडवते त्यांत तिच्याच संवादाची रचना उमटते. बाउंडेड कॉन्टेक्स्टची हद्द आणि गटाची हद्द जुळली नाही, तर वर्षभरात कोड गटाच्या आकाराचा होतो. पुणे, मुंबई, बंगळुरूमध्ये परदेशी बँकांची आणि विमा कंपन्यांची अशी कामं रोज चालू आहेत. तिथे गट पाडले जातात ते कंत्राटानुसार: स्क्रीनवाले, डेटाबेसवाले, टेस्टिंगवाले. देयकांचा जाणकार बसतो सातासमुद्रापार, आणि त्याचं म्हणणं बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या दस्तऐवजातून गाळून येतं. दस्तऐवजात नियम असतात; 'पुढच्या बिलात कापू' हे कुणी लिहीत नाही. अशा प्रकल्पात डीडीडी हा शब्द प्रस्तावात असतो आणि भिंतीसमोरचे ते दोन दिवस मात्र नसतात. खर्च वाचवण्यासाठी हेच पहिलं कापलं जातं, आणि सगळ्यात महाग हेच पडतं.

एकूण पाहता माझा कौल असा: सीमा शोधण्यासाठी डीडीडीइतकं कसाला उतरलेलं दुसरं साधन आज नाही. ती सीमा आधी मोनोलिथच्या आतच आखावी, कोडने पाळायला लावावी, आणि काही महिने बदलांच्या माऱ्याखाली ती टिकते का ते पाहावं. मग ज्या एक-दोन भागांना वेगळा वेग, वेगळा भार किंवा वेगळा गट खरोखर हवा आहे, तेवढेच बाहेर काढावेत. उरलेलं आत राहिलं तर त्यात कमीपणा नाही.

एक मोठी उणीव मात्र आहे. या विषयावरचे जवळजवळ सगळे उघड दाखले नेटफ्लिक्स, उबर, शॉपिफाय अशा कंपन्यांचे आहेत. बँका, विमा, सरकारी खाती, सहकारी संस्था यांची सॉफ्टवेअर फोडण्याचं प्रचंड काम आपल्याकडच्या हातांनी झालं आहे, आणि ते गोपनीयतेच्या करारांखाली गाडलं गेलं आहे. ज्यांनी हे केलं त्यांनी ग्राहकाचं नाव आणि आकडे वगळून, करारात बसेल तेवढं तरी लिहावं, जमल्यास मराठीत: कोणती सीमा आखली होती, ती कुठे चुकली आणि ती सरकवायला काय पडलं.